काम क्रमांक ११८ : चढावर गाडी उभी करणे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. पाचला उठणार होतो. पहिला दिवस म्हणून दीड तास सूट.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच आठवायचं नाही. ज्या ट्रेनिंग सेंटरवर मी तीन वर्षं ड्रायव्हर पोरांचा उस्ताद होतो (फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात), तिथून मेजरसाहेबांचं पत्र आलंय. आता पोरं चार वर्षांसाठी भरती होतात, शिकवायला वेळ कमी. म्हणून फौजी ड्रायव्हर नेमकं काय काय काम करतो त्याची यादी पाहिजे. एकेक काम सुटं करायचं. त्याच्या पायऱ्या किती, किती वेळात व्हायला पाहिजे, सगळं लिहायचं. त्यावरून नवीन अभ्यासक्रम बनणार. मुदत ३० नोव्हेंबर. जुन्या उस्तादांमधून माझी निवड झाली. बाकी दोघांनी वेळ नाही म्हणून कळवलं म्हणे. त्यांचं नुकसान.

चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून रिटायर झालो. नांदेडात राहायला येऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत मला कोणी काही विचारलं नाही. गॅसचा नंबर लावला का, एवढंच.

संकल्प. एक, पाचला उठणे. दोन, रोज दहा कामं लिहिणे. तीन, चहा दोनच. चार, बायकोशी, म्हणजे सिंधुशी, वाद घालायचा नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कार्डं छापायला टाकली. 'हवालदार राजशेखर (निवृत्त), जॉब अॅनालिस्ट, मिलिटरी.' खाली क्रॉस केलेल्या दोन बंदुका टाकू का, असं प्रेसवाल्याने विचारलं. टाक म्हटलं. नंतर आठवलं, मी ड्रायव्हर होतो. स्टेअरिंगचं चित्र त्याच्याकडे नव्हतं.

सिंधुने विचारलं, हे अॅनालिस्ट काय असतंय. सांगितलं, माणूस दिवसभर काय काम करतो ते बारकाईने बघून लिहिणारा. ती म्हणाली, मग हितंच बसा स्वयंपाकघरात, मी काम करून राहिले, तुमी लिवा. वाद घातला नाही. फक्त एवढंच म्हणालो की सैन्य आणि स्वयंपाक यात फरक असतो. ते वादात धरत नाही.

कामं लिहिली : तीन. चहा : पाच.

५ नोव्हेंबर, बुधवार

फॉर्म नीट वाचला. बावीस पानं आहेत. मुद्दा सातव्या पानावर आहे.

प्रत्येक कामाला तीन आकडे द्यायचे. किती वेळा करावं लागतं, किती अवघड आहे, आणि चुकलं तर किती नुकसान. एक ते पाच. बेरीज सहाच्या खाली आली तर ते काम सेंटरमध्ये शिकवायचंच नाही. पोरगं युनिटमध्ये गेल्यावर शिकेल तेव्हा शिकेल. बेरीज बाराच्या वर गेली तर एक जादा पान जोडायचं. हे काम आधी कोणी शिकवलं, कसं शिकवलं, काय कमी पडलं. खाली त्या वेळच्या उस्तादाची सही.

टायपिंग अक्षरा करणार आहे. माझी मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने सातवं पान वाचून विचारलं, म्हणजे पप्पा, त्या तीन वर्षांत जे कमी पडलं त्याच्याखाली तुमची सही? म्हटलं, कमी पडलेलं असेल तर ना.

दहा ड्रायव्हरांना विचारून आकडे काढायचे. पण शेवटचा आकडा माझा. फॉर्ममध्ये त्याला विश्लेषकाचा विवेक म्हटलंय. ही ओळ सिंधुला मोठ्याने वाचून दाखवली.

८ नोव्हेंबर, शनिवार

एका बैठकीत पन्नास कामं लिहिली. स्मरणशक्ती शाबूत आहे. अक्षराने मोजून सांगितलं की त्यातली एकतीस साहेबांच्या मेमसाहेबांना बाजारात नेण्याआणण्याची आहेत. पिशवी कोणत्या हाताने घ्यावी, हेसुद्धा त्यात आहे. नोकरीची शेवटची सहा वर्षं ती ड्युटी होती, त्याला मी काय करणार. अनुभव तो अनुभव.

आजचं सर्वात चांगलं काम म्हणजे क्रमांक ४१, निरीक्षणासाठी गाडी सजवणे. पायऱ्या बावीस. टायरला काळं पॉलिश. नट-बोल्टांना चांदी रंग. चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे लाल-पांढऱ्या पट्ट्यांत रंगवून, उंचीप्रमाणे, दोरी धरून ओळीत मांडणे. माझ्या काळात जनरलसाहेब आले होते, ते ठोकळ्यांसमोर थांबले होते. अर्धं मिनिट. त्याचं प्रशस्तिपत्र समोर भिंतीवर आहे.

आकडे : पाच, चार, पाच. बेरीज चौदा. म्हणजे जादा पान आलं. आनंदाने लिहिलं. कोणी शिकवलं : हवालदार राजशेखर. कसं शिकवलं : शिस्तीने. ठोकळ्यावर ओरखडा दिसला तर मैदानाला आठ दिवस चकरा. काय कमी पडलं : काही नाही. सही ठोकली.

९ नोव्हेंबर, रविवार

कंधारला गेलो, सरदारकडे. माझ्यासोबतचा ड्रायव्हर, आता शाळेची व्हॅन चालवतो. बस दीड तास उशिरा निघाली, म्हणून दहा कामं राहिली.

सरदारने यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चांदबी भाभींनी दोनदा चहा दिला, तो मोजत नाही, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं असतं. सरदार म्हणाला, हवालदारसाब, लिवलं ते समदं खरं हाय, पण ह्याच्यात ड्रायव्हर कुठंच दिसंना. विचारलं, काय राहिलं. तो म्हणाला, थांबणं. बावीस सालांच्या नोकरीत अठरा साल म्या गाडीत बसून कोणाची तरी वाट पाहिली. साहेब आत गेलेले, कवा येतेत मालूम न्हाई, उतरून लघवीला जावं का न्हाई हे ठरवणं लई अवघड काम हाय, त्याला पाच नंबर द्या.

समजावलं की थांबणं हे काम होत नाही, त्याला पायऱ्या नाहीत. तो म्हणाला, मंग पगार कशाचा होता.

परत येताना विचार केला. माणूस चांगला, पण शास्त्रीय दृष्टी नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सायंकाळी

काम क्रमांक ११८ वर आलोय. चढावर गाडी उभी करणे. पायऱ्या मला पाठ आहेत, वेळ तेवढा मोजायचा होता. नांदेडात उड्डाणपुलावर करून बघणार होतो, पण सिंधु म्हणाली, पोलीस धरतेत. म्हणून परत कंधार. गावाबाहेर एक चांगला चढ आहे, त्यावर सरदारची व्हॅन घेऊन गेलो. सरदार बाजूला बसला, त्याच्या हातात मोबाईलवर स्टॉपवॉच.

थांबवली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद. उतरलो. व्हॅन मागे सरकायला लागली. सरदारने हात घालून ब्रेक पुन्हा ओढला आणि खाली उडी मारून चाकामागं दगड लावला. दीड-दोन फूट गेली असेल, जास्त नाही.

त्याच्या हँडब्रेकची केबल सैल आहे. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, रोज लेकरं नेतो, केबल बराबर हाय. मग म्हणाला, इंजिन बंद करायच्या आधी दुसऱ्यानं उतरून ठोकळा लावायचा असतोय, मंग हळूच ब्रेक सोडून गाडी ठोकळ्यावर बसवायची, तवा ती हलत न्हाई. तुमाला मालूम असंलच, उस्ताद होते तुमी.

मालूम होतंच. लक्षात आलं नाही एवढंच. आमचं सेंटर सपाट मैदानावर होतं, तिथे चढ कुठे होता.

वेळेच्या रकान्यात ४० सेकंद लिहिले. आकड्यांची जागा कोरी ठेवलीय. सोपं काम आहे, शेवटी भरू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेजरसाहेबांचा फोन. यादीवर खूश. मग म्हणाले की दहा ड्रायव्हरांत एक तरी असा पाहिजे ज्याचा अपघात झालाय. ट्रेनिंगमध्ये काय राहून गेलं, ते तोच नेमकं सांगतो. तुमच्या हाताखालचा कोणी असेलच.

एक आहे. हिमायतनगरचा भागवत. २०१० च्या बॅचचा. सेंटरमधून पास होऊन पहाडी पोस्टिंगला गेला आणि आठव्या महिन्यात चढावर उभी केलेली गाडी मागे घसरून त्याच्या पायावर आली. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

ब्रेक फेल झाला होता. चौकशीत तसं लिहून आलंय, मी स्वतः कागद पाहिलाय. मी तर त्या वेळी हजार-दीड हजार किलोमीटर लांब होतो.

अक्षराने विचारलं, मग तुम्ही त्याला भेटायला कधी गेला होता? म्हटलं, ड्युटी. ती म्हणाली, रिटायर होऊनही सात वर्षं झाली. पोरींना हल्ली उलट बोलायची सवय लागलीय.

उद्या हिमायतनगर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नाही गेलो. गुडघा.

१६ नोव्हेंबर, रविवार

रविवारी कोणाच्या घरी जाऊ नये, त्यांना आराम असतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सोयाबीनची गर्दी आहे, गाड्या भरून येतात. शिवाय यादीचं सुशोभीकरण चाललंय. समास रंगीत केले.

दहांपैकी आठ झाले. चार भेटले, दोन फोनवर, एक मी स्वतः. आठवा गेल्या वर्षी वारला, पण त्याची कामं मला पाठ आहेत.

सिंधु म्हणाली, त्या पोराकडं जाऊन या एकदाचं, चार दिस झाले जेवणावर ध्यान न्हाई तुमचं. म्हटलं, डाएट आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३.१५, हिमायतनगर स्टेशन

गाडीला वेळ आहे. घरी जाऊन लिहायचं म्हटलं तर मी नीट लिहिणार नाही, म्हणून इथेच लिहितो.

भागवतची पिठाची गिरणी आहे. मला बघून त्याने पट्टा बंद केला आणि उठून उभा राहिला. जयपूर फूटवर, दोन्ही टाचा जुळवून. रांगेत ज्वारीचे डबे घेतलेल्या चार बाया होत्या, त्या बघत राहिल्या. त्याने त्यांना सांगितलं, हे माझे उस्ताद. त्याची बायको दीपमाला घरातून खुर्ची घेऊन आली. तिने खुर्ची ठेवली आणि लगेच आत गेली.

यादी त्याने हातात घेतली नाही. त्याला सगळी पाठ होती. सकाळी गाडीखाली वाकून काय काय बघायचं, तेल कोणत्या क्रमाने, मी शिकवलं होतं तसं घडाघडा. तीन ठिकाणी माझीच चूक काढली. मला बरं वाटत होतं. अशी पोरं घडवली आपण, असं मनात आलं होतं. हे इथे लिहून ठेवतो कारण पुढचं त्याच्यानंतर लगेच झालं.

११८ वर आलो. मी म्हणालो, हे सोड, तुझा तर ब्रेक फेल झाला होता. तो म्हणाला, न्हाई उस्ताद, ब्रेक चांगला होता.

मग त्याने सांगितलं. शांतपणे, पीठ झाडत झाडत. त्या दिवशी गाडी चढावर लावली, मागं सामान उतरवायचं होतं. ठोकळे पेटीत होते. दोन्ही. पण आदल्याच दिवशी रंगवले होते, आठ दिवसांवर निरीक्षण होतं. त्याने पेटी उघडली, ठोकळे बघितले आणि पेटी बंद केली. म्हणाला, तुमची सवय लागल्ती उस्ताद, ओरखडा पडला तर आठ दिस चकरा. म्हून दगड लावला. दगड गोल निघाला. म्या मागून जाऊन राहिलो होतो.

मी म्हणालो, पण चढावरचा तास आपला झाला होता, रजिस्टरला आहे. तो म्हणाला, झाला की, फळ्यावर. तुमी डोंगर काढला होता खडूनं, लई भारी काढला होता. प्रॅक्टिकलच्या दिशी जनरलसाहेब येणार होते म्हून आमी दगडांना चुना मारला. ठोकळा चाकाखाली कसा बसतोय हे म्या आजवर बघितलं न्हाई.

हे सगळं त्याने चौकशीत का सांगितलं नाही, ते विचारलं. तो म्हणाला, तुमचं नाव आलं असतं. मंग पाय तर येणार नव्हता.

आकडे त्यानेच सांगितले. किती वेळा : चार, पहाडात रोजचंच हाय. अवघड : चार. चुकलं तर : पाच. बेरीज तेरा. मी पेन्सिलने लिहिले. निघताना त्याने हात धरून सांगितलं, एवढं एक नीट लिवा उस्ताद. पोरांस्नी एकदा खऱ्या चढावर न्या, खरा ठोकळा लावायला लावा, मंग भलं रंग उडू द्या. मला दुसरं काही नको.

लिहितो म्हणालो.

मला लाज वाटतेय. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय. मला फार लाज वाटतेय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचला जाग आली होती. उठलो नाही.

ठरलं. तेरा म्हणजे तेरा. जादा पान जोडणार. कोणी शिकवलं, कसं शिकवलं, काय कमी पडलं, सगळं खरं. खाली सही. सिंधुला तसं सांगितलं. तिने पोह्यांवर शेव जास्त घातली.

२३ नोव्हेंबर, रविवार

जादा पान लिहायला घेतलं. कोणी शिकवलं, इथपर्यंत नीट आलं. कसं शिकवलं, इथे तासभर बसलो. फळ्यावर, असं एका शब्दात लिहिता येत नाही. थोडी पार्श्वभूमी द्यावी लागते.

दुसराही विचार आला. त्याच फाईलमध्ये ४१ चं पान आहे, ठोकळ्यांचं, माझ्या सहीचं. काय कमी पडलं : काही नाही. दोन्ही पानं एकाच माणसाने वाचली तर त्याचा गोंधळ उडेल. अभ्यासक्रमात गोंधळ नको.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शांत डोक्याने पाहिलं तर भागवतचे आकडे भावनेच्या भरातले आहेत. साहजिक आहे, पाय गेलाय. पण शास्त्र म्हणजे सरासरी. बाकीच्या ड्रायव्हरांत सपाट मुलखातले जास्त आहेत, त्यांना चढ वर्षातून एकदा. फॉर्ममध्ये विवेक दिलाय तो यासाठीच.

किती वेळा : दोन. अवघड : दोन. चुकलं तर : तीन. बेरीज सात. सहाच्या वर आहे, म्हणजे शिकवलं जाणारच. बाराच्या खाली आहे, म्हणजे जादा पान नको. पोरं शिकतील, भागवतचा शब्द राहील, कोणाचं नाव खराब होणार नाही. मधला आकडा कोणालाच लागत नाही.

अक्षराने टाईप करताना विचारलं, पप्पा, पेन्सिलने तर तेरा होते. सांगितलं, ते कच्चं होतं. तिने सात टाईप केलं. एरवी बोलते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मुदतीच्या एक दिवस आधी पाठवलं. एकूण कामं २०६. शिस्त म्हणजे शिस्त.

उद्यापासून पाचला उठून चालायला जायचं. शूज बघून आलो.

५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ११

मेजरसाहेबांचा फोन. अहवाल फार आवडला. काम ४१ चं पान तर इतरांना नमुना म्हणून वाटलंय. वर्गात ठोकळ्यांचा तक्ता लावणार आहेत.

मग म्हणाले, वरून अजून दोन आठवडे कमी करायला सांगितलंय, म्हणून कट-ऑफ सहावरून आठवर नेला. तुमच्या यादीतली एकोणतीस कामं गेली. बरीचशी मेमसाहेबांची होती, ते हसले. मीही हसलो. ११८ चं विचारलं. त्यांनी पान उलटल्याचा आवाज आला. ते म्हणाले, सात आहे, गेलं, युनिटमध्ये शिकतील. का, महत्त्वाचं होतं का? असतं तर तुम्ही जास्त नंबर दिले असते ना.

नाही नाही, सहज विचारलं, असं म्हणालो.

जेवलो नाही.

६ डिसेंबर, शनिवार

फोन करून सगळं सांगायचं ठरवून बाहेर अंगणात गेलो. तिसऱ्यांदा लागला. म्हणालो, ११८ चे आकडे बदलायचे आहेत, तेरा पाहिजेत. मेजरसाहेब म्हणाले, यादी वर गेलीय. आता ती एकाच गोष्टीने उघडते. हे न शिकवल्यामुळे कोणाला इजा झाली होती, असं लेखी आलं तर. तसं काही आहे का? दोन ओळी मेल करा, मी आजच उघडतो.

माणूस सरळ आहे. दोनच ओळी मागितल्या.

८ डिसेंबर, सोमवार

दोन ओळी लिहिल्या. फाडल्या. पुन्हा लिहिल्या. पहिली ओळ : हे काम मी शिकवलं नव्हतं. दुसरी : म्हणून भागवतचा पाय गेला. वाचायला अर्धं मिनिट लागतं. जनरलसाहेब ठोकळ्यांसमोर थांबले होते तेवढाच वेळ.

भिंतीवरचं प्रशस्तिपत्र खाली काढलं. काच पुसायला. पुसून पुन्हा लावलं.

चार वाजता, अक्षरा कॉलेजात असताना, तिच्या लॅपटॉपवरून मेल केला. त्यात लिहिलं की काम ११८ चे मूळ आकडे तेरा होते, टायपिंग करणाऱ्या व्यक्तीच्या चुकीमुळे सात पडले, तरी दुरुस्ती व्हावी. यात खोटं फार थोडं आहे. मूळ आकडे तेराच होते. आणि काम परत आलं म्हणजे झालं, कारण कोणतं का असेना.

१० डिसेंबर, बुधवार

उत्तर आलं. केवळ टायपिंगची चूक असल्याने यादी पुन्हा उघडण्याचं कारण दिसत नाही. पुढच्या आढाव्यात, म्हणजे तीन वर्षांनी, विचार होईल. यापुढे टायपिंग जबाबदार व्यक्तीकडून करून घ्यावं.

मेल माझ्या फोनवर येत नाहीत, अक्षराच्या येतात. तिनेच वाचून दाखवला. शेवटची ओळसुद्धा सगळ्या ओळींच्याच आवाजात वाचली. मग माझा पाठवलेला मेल उघडून तोही वाचला. वाचून झाल्यावर लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावला, फाईल उतरवली आणि म्हणाली, तुमची फाईल तुमच्या पेनड्राईव्हमध्ये घातलीय, माझ्याकडची काढून टाकून राहिले. सांगायचं होतं की तिचं नाव तर लिहिलं नव्हतं. ती तोवर आईकडे आत गेली होती.

संध्याकाळी दोघींनी मला वेगळं वाढलं. स्वयंपाक नेहमीसारखाच होता.

१३ डिसेंबर, शनिवार. दुपारी ४.३०

भागवतचा फोन आला. लिवलं का उस्ताद, असं विचारलं. हाव म्हणालो. लिहिलं तर होतंच, एकदा तेरा, एकदा सात.

तो म्हणाला, बरं झालं. त्याच्या मोठ्या भावाचा मुलगा भरतीत लागलाय, ड्रायव्हर म्हणून, आणि जानेवारीत आपल्याच सेंटरला चाललाय. घरचे लोक सोडायला तयार नव्हते, दीपमाला तर सगळ्यांत जास्त अडून बसली होती. तिला त्याने समजावलं, आता भ्यायचं काम न्हाई, उस्ताद सोता येऊन लिवून घेऊन गेलेत, आता चढावर नेऊन शिकवतेत. तवा ती कबूल झाली. काल कागदावर सह्या करून दिल्या.

मी म्हणालो, भागवत, तरी तू घरी एकदा त्याला सांगून ठेव, ठोकळा कसा लावायचा ते. तो म्हणाला, म्या काय सांगू उस्ताद, मला कुठं येतंय. तिथं शिकवतेत की आता.

मग थोडा वेळ मागे गिरणीचा आवाज येत राहिला. त्याने विचारलं, लाईनीवर हाय का उस्ताद. हाय म्हणालो.